चित्र, वाळू आणि मन : कलोपचाराच्या सत्रांत काय घडते

मानसिक त्रासावरील उपचार म्हटले की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात : डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आणि समुपदेशकासमोर बसून केलेले बोलणे. या दोन्हींचे महत्त्व वादातीत असले, तरी ज्याला आपले दुःख शब्दांत मांडताच येत नाही, मग तो सहा वर्षांचा मुलगा असो, घरातला माणूस अचानक गमावलेली प्रौढ स्त्री असो किंवा वर्षानुवर्षे गप्प राहिलेला मनोरुग्ण असो, त्याच्यासाठी बोलण्याचा मार्ग पहिल्याच पायरीवर अडतो. अशा माणसांना रंग, कागद, माती, वाळू आणि लहान आकृत्या यांच्या आधाराने मनातले बाहेर मांडता यावे, म्हणून गेल्या शतकभरात ज्या उपचारपद्धती घडत गेल्या, त्यांपैकी दोन पद्धतींची ओळख करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. पहिली पद्धत कलोपचाराची, म्हणजे प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने चित्र, रंग किंवा मातीकाम करत मनाच्या अडचणींवर काम करण्याची. दुसरी वाळूखेळ उपचाराची, म्हणजे ठरावीक मापाच्या वाळूपेटीत छोट्या आकृत्या मांडून आपले जग उभे करण्याची. दोन्ही पद्धतींविषयी पालक, शिक्षक आणि आरोग्यसेवक यांच्या मनात कुतूहल असते, आणि त्याच्या जोडीला बरेच गैरसमजही असतात. त्यांपैकी सर्वांत मोठा गैरसमज असा, की तज्ज्ञ चित्र पाहतात आणि मनातले ओळखतात. चित्राचा किंवा वाळूतल्या मांडणीचा अर्थ लावण्याचा पहिला हक्क ती करणाऱ्याचा असतो आणि उपचारकाचे काम त्या हक्काला सुरक्षित जागा, वेळ आणि साथ देण्याचे असते, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हा विषय कर्जत आणि खालापूर या रायगडच्या अंतर्भागातील तालुक्यांच्या संदर्भात मांडण्यामागे ठोस कारणे आहेत. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख एकीकडे खोपोलीच्या कारखान्यांशी आणि मुंबईच्या लोकलशी जोडलेला आहे, तर दुसरीकडे सह्याद्रीच्या उतारांवरील ठाकर आणि कातकरी वाड्यांनी व्यापलेला आहे. कुंभिवलीसारख्या गावातून निघालेला माणूस तासाभरात कारखान्याच्या फाटकाशी पोहोचतो आणि तेवढ्याच वेळात डांबरी रस्ता न पोहोचलेल्या वाडीच्या पायथ्याशीही पोहोचतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात; त्यामुळे त्यांच्या मुलांची शाळा, सवंगडी आणि घर दरवर्षी तुटते आणि दरवर्षी नव्याने जोडावे लागते. आश्रमशाळेत राहणारे मूल घरी एक बोली बोलते आणि वर्गात प्रमाण मराठीला सामोरे जाते. त्याला गप्प बसलेले पाहून ते मंद आहे किंवा हट्टी आहे असा निष्कर्ष काढला जातो, वास्तविक त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ते ज्या भाषेत सांगायचे ती भाषाच समोरच्यापाशी नसते.

याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. शोधकार्य थांबवले गेले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. आश्रमशाळेत निवासी असल्यामुळे वाचलेल्या काही मुलांचे आईवडील आणि घर एका रात्रीत गेले. अशा आपत्तीनंतर अन्नधान्य, तात्पुरता निवारा आणि पुनर्वसनाची घरे यांची मोजदाद होऊ शकते. परंतु पावसाचा आवाज वाढला की दचकणारे, झोपेत ओरडणारे किंवा काहीच झाले नाही अशा थाटात दिवसभर हसत राहणारे मूल कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. अशा मुलाला त्या रात्रीविषयी प्रश्न विचारणे अनेकदा क्रूर ठरते आणि विचारायचेच नाही असे ठरवले तर ते मूल एकटे पडते. या दोन टोकांच्या मधली जी वाट आहे, ती समजून घेण्यासाठी कलोपचार आणि वाळूखेळ यांचा अभ्यास या भागात विशेष गरजेचा ठरतो.

या परिसरात मानसिक आरोग्याच्या कामाची परंपराच नाही, असे मात्र नाही. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे आणि कर्जत-खोपोलीच्या लोकलने तेथे जाता येते; जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशनचे केंद्र २००६ पासून कर्जतला आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून त्यांच्यावर उपचार करायचे आणि त्यांना देशभरातील त्यांच्या घरी पोहोचवायचे, या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थेच्या आरंभीच्या वाटचालीत चित्रकलेचा धागा आहे : मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाशी संबंधित एका अध्यापकावर संस्थेने उपचार केल्यानंतर चित्रकारांनी आपली चित्रे देऊन तिच्यासाठी निधी उभा केला होता. तरीही वाड्यावस्त्यांवर आजही डोक्यावर परिणाम झाला, बाहेरचे लागले, नजर लागली असे म्हणत आधी भगताकडे जाण्याची रीत आहे. त्या रीतीची टिंगल करून काही साधत नाही. भगत माणसाला वेळ देतो, त्याच्या बोलीत बोलतो आणि त्याच्या कुटुंबासमोर त्याच्या दुःखाला नाव देतो, हे उपचारकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र आजार वाढत असताना वैद्यकीय उपचार लांबणीवर पडू नयेत, हा आग्रह धरलाच पाहिजे.

कलोपचाराचा आधुनिक इतिहास रुग्णालयाच्या खाटेपासून सुरू होतो. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगाने आजारी पडून आरोग्यधामात दाखल झाला असताना, चित्र काढत राहिल्याने कंटाळा आणि भीती यांवर मात करता येते, हे त्याच्या ध्यानात आले; शेजारच्या रुग्णांनाही त्याने चित्रे काढायला लावले आणि १९४२ मध्ये या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले. त्याच सुमारास अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी चित्राकडे मनोविश्लेषणाच्या दृष्टीने पाहिले. त्यांच्या मते जे जाणिवेच्या खाली दडपलेले असते आणि उच्चारता येत नाही, ते चित्रात प्रतिमेच्या रूपाने वर येते व मग त्याविषयी बोलता येते. ईडिथ क्रेमर यांनी भर दिला तो चित्र घडवण्याच्या क्रियेवर : राग, धास्ती, आकांत यांना आकार देण्यासाठी मनाला जे श्रम करावे लागतात, त्या श्रमांतच उपचाराचा मोठा भाग असतो, असे त्यांचे म्हणणे होते. एक भूमिका चित्राविषयीच्या संवादाला महत्त्व देणारी आणि दुसरी चित्र घडण्याला महत्त्व देणारी. आजचे बहुतेक उपचारक या दोहोंच्या मध्ये, समोरच्या माणसाच्या गरजेप्रमाणे आपली जागा ठरवतात.

या इतिहासातील दोन स्त्रियांची नोंद येथे आवर्जून करायला हवी. ईडिथ क्रेमर यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीला दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तेरेझिनच्या बंदिवासात ठेवले, तेव्हा तिने तेथील ज्यू मुलांना चित्रकला शिकवली. १९४४ मध्ये ऑशविट्झला तिची हत्या झाली. मात्र मुलांनी काढलेली चार हजारांहून अधिक चित्रे वाचली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्या चित्रांतली फुले, घरे आणि खिडक्या पाहताना लक्षात येते, की आपत्तीत सापडलेले मूल आपत्तीचेच चित्र काढील असे धरून चालणे चूक आहे. त्याला गमावलेले घर काढावेसे वाटू शकते. दुसरी स्त्री म्हणजे ब्राझीलमधील मानसोपचारतज्ज्ञ नीझी दा सिल्व्हेरा. विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया यांना ठाम नकार देऊन त्यांनी १९४६ मध्ये रिओ दी जानेरोच्या मनोरुग्णालयात रुग्णांसाठी रंगशाळा उघडली आणि १९५२ मध्ये तेथील चित्रांचे संग्रहालय स्थापन केले. ज्यांना समाजाने बोलण्यालायक मानले नव्हते, त्यांच्या मनोव्यापारांत रचना आणि सातत्य असते, हे त्या संग्रहाने दाखवून दिले.

वाळूखेळाचा उगम बालवैद्यकातला आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने आपल्या मुलांबरोबर घराच्या जमिनीवर मांडलेल्या खेळांविषयी १९११ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. ते वाचलेल्या मार्गारेट लोवेनफेल्ड या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२८ मध्ये लंडनला मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केल्यावर तेथे लहान खेळण्यांचा संग्रह आणि वाळूचे पसरट भांडे ठेवले. ती खेळणी वाळूत मांडण्याची कल्पना मुलांचीच. लोवेनफेल्ड यांनी तिला उपचाराच्या पद्धतीचे रूप दिले. स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले आणि या पद्धतीला कार्ल युंग यांच्या मानसशास्त्राचा पाया दिला. फ्रॉइड यांच्याशी फारकत झाल्यानंतरच्या अस्वस्थ काळात युंग स्वतः झुरिकच्या सरोवराकाठी दगड गोळा करून लहानसे गाव रचत बसत, आणि त्या खेळाने त्यांच्या मनाला वाट मिळाली, हे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. मनाला योग्य जागा मिळाली तर ते स्वतःला सावरण्याच्या दिशेने जाते, ही युंग यांची श्रद्धा काल्फ यांनी वाळूपेटीत उतरवली आणि त्या जागेचे वर्णन मुक्त आणि संरक्षित अवकाश असे केले. १९८५ मध्ये वाळूखेळ उपचारकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जपानमध्ये हायाओ कावाई यांनी १९६५ पासून ही पद्धत रुजवली; पेटीत छोटी बाग रचण्याची परंपरा त्या समाजात आधीपासून असल्यामुळे ती परकी वाटली नाही. चीनमध्ये २००८ च्या सिचुआन भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ शेन हयोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपद्ग्रस्त मुलांसाठी वाळूपेट्या नेल्या.

महाराष्ट्राच्या बाबतीतही अशी भूमी तयार आहे. दिवाळीच्या सुटीत अंगणात दगडमाती रचून किल्ला करणे, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवणे आणि तटाबुरुजांवर मातीचे मावळे उभे करणे हा मराठी मुलांचा अनेक पिढ्यांचा खेळ आहे. भातुकलीत मुले घरातल्या मोठ्यांचे सारे वागणे छोट्या भांड्यांच्या मापात उतरवतात. हरतालिकेला स्त्रिया वाळूची पिंडी करून पूजा झाल्यावर तिचे विसर्जन करतात. हाताने लहान जग उभारावे, त्यात काही काळ मन गुंतवावे आणि मग ते मोडू द्यावे, ही कल्पना या समाजाला शिकवावी लागत नाही. तरीही एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. किल्ला लोकांनी पाहावा म्हणून केलेला असतो, त्याची स्पर्धा असते आणि शिवाजी महाराज गडाच्या माथ्यावरच बसणार हे आधीच ठरलेले असते. वाळूपेटीत विषय ठरलेला नसतो, बक्षीस नसते, राजा मातीखाली पुरला तरी कोणी हरकत घेत नाही, आणि पाहणारा एकच असतो.

आता प्रत्यक्ष सत्राकडे वळता येईल. पहिली भेट बहुधा मोठ्यांशी होते. मुलाला आणण्याचे कारण, घरातली माणसे, झोप, भूक, शाळा, आजारपण, औषधे आणि अलीकडचे बदल यांची विचारपूस होते. प्रौढ व्यक्ती स्वतःसाठी आली असेल तर हीच विचारपूस तिच्याशी होते. त्यानंतरची सत्रे सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि त्याच खोलीत होतात; एक सत्र पाऊण तासापासून एक तासापर्यंत चालते. वेळ आणि जागा यांविषयीचा हा काटेकोरपणा उपचाराचाच भाग आहे, कारण ज्याचे जग एकाएकी कोसळलेले असते, त्याला पुढच्या मंगळवारी हीच खोली आणि हाच माणूस असेल, ही खात्री प्रथम हवी असते. किती सत्रे लागतील हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. काही अडचणी थोड्या आठवड्यांत हलक्या होतात, खोल आघातांना कित्येक महिने लागतात.

कलोपचाराच्या खोलीत साहित्य उघडे आणि हाताशी असते : तेलखडू, पेन्सिली, जलरंग, जाड कागद, कात्री, गोंद, जुनी मासिके, शाडू किंवा साधी चिकणमाती. साहित्याची निवड विचारपूर्वक केलेली असते. पेन्सिल ताब्यात राहते, हवे तेव्हा खोडता येते, म्हणून घाबरलेल्या माणसाला ती सोपी जाते. जलरंग पसरतो आणि ऐकत नाही, त्यामुळे त्यात भावना मोकळ्या होतात तशा त्या आवरेनाशाही होऊ शकतात. माती दाबता, आपटता, तोडता आणि पुन्हा एकजीव करता येते, म्हणून रागासाठी ती फार उपयोगी पडते. आलेला माणूस काय निवडतो, कशाला हात लावत नाही, कागदाच्या कोणत्या भागात काम करतो, किती वेळा फाडतो आणि कधी थांबतो, हे उपचारक शांतपणे पाहतात. चित्रकला येत नाही ही तक्रार जवळजवळ प्रत्येक प्रौढ व्यक्ती पहिल्या सत्रात करते. तिला चित्र चांगले यावे अशी अपेक्षाच येथे नाही, हे सांगावे लागते आणि पुढच्या काही सत्रांत आपल्या वागणुकीने पटवूनही द्यावे लागते. चित्र झाल्यावर उपचारक ‘हे काय काढलेस’ असे विचारण्याऐवजी ‘याविषयी काही सांगावेसे वाटते का’ असे विचारतात, आणि उत्तर नकाराचे असले तर ते स्वीकारतात.

वाळूखेळाच्या खोलीची मांडणी अधिक नेमकी असते. पेटी सुमारे ७२ सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर खोल असते. समोर उभे राहिले की मान न वळवता ती पूर्ण नजरेत मावावी, हा त्या मापामागचा विचार आहे. तळ आणि आतल्या बाजू निळ्या रंगवलेल्या असतात, त्यामुळे वाळू बाजूला सारताच तळाशी नदी, तळे किंवा समुद्र दिसू लागतो आणि कडांवर आकाश. शक्यतो दोन पेट्या असतात, एक कोरड्या वाळूची आणि दुसरी ओल्या वाळूची. कोरडी वाळू बोटांतून निसटते, ओलीला डोंगर, बोगदा, विहीर असा आकार देता येतो. भिंतीच्या फळ्यांवर शेकडो लहान आकृत्या असतात : माणसे, बाळे, म्हातारे, पोलीस, नवरा-नवरी, पाळीव आणि रानटी जनावरे, साप, घरे, देवळे, पूल, गाड्या, झाडे, शिंपले, देवदेवता, राक्षस आणि मोडक्या वस्तूसुद्धा. कर्जत-खालापूरच्या खोलीत या फळ्यांवर बैलगाडी, विटांचा ढीग, कौलारू घर, रेल्वेचा डबा, कोंबड्या, विळा, पावसाळी इरले आणि दगडधोंडे यांना जागा हवी. परदेशी खेळण्यांच्या तयार संचात बर्फातले घर सापडते, पण वीटभट्टी सापडत नाही.

मूल खोलीत येते तेव्हा त्याला एवढेच सांगितले जाते, की या वाळूत आणि या वस्तूंनी हवे ते करता येईल किंवा काही न करता बसताही येईल. मर्यादा दोन-तीनच असतात : वाळू कोणाच्या अंगावर टाकायची नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची नाही, आणि वेळ संपली की थांबायचे. काही मुले कित्येक सत्रे वाळू नुसती हाताने सपाट करत राहतात. काही जण सगळ्या आकृत्या पेटीत ओततात आणि तेवढ्यावर थांबतात. काही जण एखादी आकृती पुरतात, उकरून काढतात आणि पुन्हा पुरतात. उपचारक बाजूला बसून पाहतात, थोडक्या नोंदी करतात, बोलावले तर सहभागी होतात. ते सुचवत नाहीत, दुरुस्ती करत नाहीत आणि शाबासकीही देत नाहीत, कारण शाबासकी मिळाली की मूल पुढच्या वेळी शाबासकीसाठी मांडू लागते. सत्र संपल्यावर मांडणी तशीच राहते. मूल गेल्यानंतर, परवानगी असल्यास, उपचारक तिचे छायाचित्र घेतात आणि मगच पेटी मोकळी करतात. आपण उभे केलेले जग आपल्यादेखत कोणी मोडले नाही, या जाणिवेला या पद्धतीत फार मोल आहे. काल्फ यांनी सत्रांच्या मालिकेत तीन टप्पे नोंदवले : आरंभी झाडे, प्राणी आणि गोंधळ यांचे जग, पुढे दोन पक्षांतील झुंज, आणि शेवटी माणसांच्या नेहमीच्या व्यवहाराकडे परतणे. प्रत्येक मूल याच क्रमाने जाते असे नाही. तरी लढाया वाढल्या म्हणून आजार वाढला असे समजण्याची घाई टाळण्यासाठी हा क्रम ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

येथेच अर्थ लावण्याविषयीचा इशारा देणे आवश्यक आहे. काळा रंग म्हणजे नैराश्य, हात नसलेला माणूस म्हणजे असहायता, साप म्हणजे अमुक, अशी कोष्टके समाजमाध्यमांवर मुबलक फिरतात आणि काही प्रशिक्षण शिबिरांतही सांगितली जातात. एकाच चित्रावरून आजाराचे निदान करणे शास्त्राला धरून नाही, आणि लैंगिक अत्याचारासारखी गंभीर बाब केवळ चित्रावरून सिद्ध किंवा असिद्ध मानणे तर घातकच आहे. काळा तेलखडू मुलाच्या हाती आला याचे कारण डब्यात तेवढाच अखंड खडू उरला होता, हेही असू शकते. ठाकरवाडीतल्या मुलाच्या चित्रातला साप शेताच्या बांधावरचा रोजचा साप असू शकतो, देव असू शकतो किंवा भीतीही असू शकते. ते त्या मुलाच्या बोलण्यातून, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांतून आणि त्याच्या जगण्याच्या माहितीतून हळूहळू उलगडते.

कुटुंबाकडून या काळात दोन गोष्टींची अपेक्षा असते. पहिली म्हणजे सत्रातून बाहेर आलेल्या मुलाला आज काय केलेस, बाईंना काय सांगितलेस असे खोदून विचारू नये. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे. दुसरी म्हणजे धीर धरावा, कारण सुरुवातीच्या काही आठवड्यांत मूल घरी अधिक चिडचिडे किंवा रडवे होऊ शकते. दाबून ठेवलेले वर येत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि ते उपचारकांच्या कानावर घालावे. पालकांना उपचारकांकडून मुलाच्या प्रगतीविषयी माहिती मिळते, मात्र प्रत्येक चित्राचा तपशील मिळत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. या गोपनीयतेला सीमाही आहेत : जिवाला धोका असेल तर संबंधितांना सांगावे लागते, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे समजले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. ही सीमा पहिल्याच भेटीत, मुलाला समजेल अशा भाषेत सांगणे हे चांगल्या उपचारकाचे लक्षण होय.

या पद्धतींचा उपयोग किती होतो, या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांविषयीच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला आणि आजार टाळण्यापासून उपचारांपर्यंत कलांचा उपयोग होतो, असा निष्कर्ष मांडला. दुसरीकडे ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आठवड्यातून एकदा होणाऱ्या सामूहिक कलोपचाराने रुग्णांच्या एकंदर स्थितीत नेहमीच्या उपचारांहून अधिक सुधारणा आढळली नाही. बोलावलेल्यांपैकी अनेक जण सत्रांना फारसे आलेच नव्हते. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. तीव्र मनोविकारात औषधोपचार थांबवून चित्रे काढायला बसवणे हा गुन्हा ठरेल. औषधांनी स्थिर झालेल्या माणसाला पुन्हा स्वतःशी आणि इतरांशी जोडून घ्यायचे असेल, शोक किंवा आघात पचवायचा असेल, तर कलोपचार सोबतीला असावा. वाळूखेळाचा पुरावा मुख्यतः तपशीलवार रुग्णवृत्तांतांचा आणि लहान अभ्यासांचा आहे, म्हणून त्याविषयीचे दावे तितक्याच मापात केले पाहिजेत.

उपचारकाची निवड हा आणखी नाजूक प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये कलोपचारक हे पद कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणी नसलेल्याला ते लावता येत नाही. भारतात तशी व्यवस्था रूढ झालेली नाही. पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्यान्वये चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते, ती तपासता येते. पुण्यातील वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशनने कलाधारित उपचारांचे प्रशिक्षण महाराष्ट्रात रुजवले असून विशेष मुलांच्या शाळांत काम करणारे अनेक जण त्या वाटेने या क्षेत्रात आले आहेत. वाळूखेळाच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणात तर उपचारकाने आधी स्वतः दुसऱ्या उपचारकासमोर वाळूपेटीची संपूर्ण प्रक्रिया अनुभवलेली असावी, अशी अट आहे. म्हणून पालकांनी संकोच न करता विचारावे : शिक्षण कोणते, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, अडले तर सल्ला कोणाचा घेता, आणि गरज पडल्यास कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता. आत्महत्येचे विचार, भास, खाणेपिणे थांबणे किंवा हिंसक वागणे दिसत असेल, तर सत्राच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते आणि ही सेवा मराठीतही आहे.

पुढील प्रकरणांत या सर्व बाबींचा सविस्तर विचार केलेला आहे. आश्रमशाळेचे अधीक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि प्राथमिक शिक्षक यांनी ती वाचावीत, मात्र वाचून लगेच उपचारक होऊ नये, अशी अपेक्षा आहे. मुलांना रंग, माती आणि मोकळा वेळ देणे प्रत्येकाला शक्य आहे आणि ते प्रत्येकाने करावे. आघात झालेल्या मुलाच्या मनावर काम करणे हे प्रशिक्षिताचेच काम आहे. या दोन तालुक्यांत अशी खोली उभारणे खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. पेटी गावचा सुतार करून देईल, आकृत्यांसाठी पेणच्या मूर्तिकारांचे हात जवळच आहेत आणि वाळूचा तर प्रश्नच नाही. अवघड आहे ते प्रशिक्षित माणूस मिळवणे आणि तो वर्षानुवर्षे त्याच दिवशी, त्याच वेळी येत राहील अशी तजवीज करणे. आपत्तीनंतर उत्साहाने चार शिबिरे घेऊन निघून जाणारी मदत, ज्यांनी आधीच माणसे गमावली आहेत अशा मुलांना आणखी एका माणसाच्या जाण्याचे दुःख देते. म्हणून अशी खोली उघडू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शाळेने आणि दात्याने ती किती काळ चालू ठेवता येईल, हे ठरवूनच पहिल्या मुलाला आत बोलवावे.